इतर औषधे : नाही

माझ्या केसपेपरवर डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात एक ओळ छापलेली असते : ‘इतर औषधे’. या बाईंच्या केसपेपरवर त्या ओळीपुढे माझ्याच अक्षरात ‘नाही’ असं लिहिलेलं आहे, आणि ते चूक होतं. त्या एका शब्दापायी चार महिने गेले. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्यासाठीच. बाईंची परवानगी घेतली आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार

वय 29, लग्नाला साडेचार वर्षं. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते आणि दिवस राहत नाहीत, ही मुख्य तक्रार. शिवाय थकवा, बद्धकोष्ठ आणि मधूनच पोटात येणारी कळ. फेब्रुवारीत पहिल्यांदा आल्या तेव्हा बरोबर नवरा आणि सासूबाई होत्या. बोलत होत्या मुख्यतः सासूबाई. कुठे कुठे दाखवलं, कुठला उपास धरला, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी केला, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी ऐकलं, पण त्यातलं काही लिहून घेतलं नाही.

सोनोग्राफीत पीसीओएसचं, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याच्या विकाराचं, चित्र होतं. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ठीक, गर्भनलिका दोन्ही बाजूंनी मोकळ्या. नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात करून घेतली, तीही ठीक निघाली. साडेचार वर्षांत ती तोवर एकदाही झाली नव्हती. तपासण्या, पुड्या, उपास सगळे बाईंच्या वाट्याला आले होते. हे इतकं नेहमीचं आहे की त्याचा राग यायचंही आपण विसरत चाललोय.

हिमोग्लोबिन 8.2 होतं. आपल्याकडे बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं की हात आपोआप लोहाच्या गोळीकडे जातो, तसा माझाही गेला. पोटाच्या कळेला पित्ताची गोळी दिली, बद्धकोष्ठाला इसबगोल. आणि ‘दुसरी कुठली औषधं चालू आहेत का?’ हे विचारलं. ‘नाही’ म्हणाल्या. मी ‘नाही’ लिहिलं. मार्चपासून लेट्रोझोल, म्हणजे बीज वाढवून फुटायला मदत करणारी गोळी, सुरू केलं, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस.

तीन पाळ्या झाल्या. दुसऱ्या पाळीत बीज फुटलेलं सोनोग्राफीत स्पष्ट दिसलं, पण दिवस राहिले नाहीत. तेव्हा मी हळहळले होते. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, कारण त्या महिन्यात दिवस राहिले असते तर ते बाळ कशावर वाढलं असतं हे नंतर कळलं.

निळे ठिपके

जूनमध्ये हिमोग्लोबिन 8.4. तीन महिने लोह घेऊन 0.2 ची वाढ. गोळ्या घेत नसतील अशी शंका आली म्हणून फेरिटिन तपासलं, तर ते 60. म्हणजे शरीरात लोह पुरेसं होतं, पण रक्त बनत नव्हतं. थॅलेसेमियाची चाचणी केली, ती स्वच्छ आली. मग रक्ताची काच पॅथॉलॉजिस्टकडे नीट बघायला पाठवली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘ही बाई बॅटरीच्या कारखान्यात कामाला आहे का? किंवा रंगाच्या?’

मी म्हटलं, घरीच असतात.

‘मग शिसं तपासा.’

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ती काच पाहिली. गुलाबी तांबड्या पेशींमध्ये बारीक निळे ठिपके, भाकरीवर तीळ टाकावेत तसे. पाठ्यपुस्तकात हे चित्र आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, आणि तालुक्याच्या गावात ते आपल्या टेबलावर येईल असं कुणालाच वाटत नाही. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या साखळीतल्या विकरांवर शिसं बसतं, त्यामुळे लोह हाताशी असूनही ते जागेवर बसत नाही. पोटाची ती कळ, ते बद्धकोष्ठ आणि तो थकवा, तिन्ही तक्रारी पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होत्या. मी प्रत्येकीला वेगळी गोळी दिली होती.

रक्तातलं शिसं आलं 58 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 5 च्या पुढे गेलं की ते कुठून येतंय हे शोधायला लागावं.

शोध घरातून सुरू केला. कुंकू आणि शेंदूर, सुटी हळद, भिंतीचा जुना रंग. कल्हईची भांडी आहेत का तेही विचारलं, कारण कथलात शिसं मिसळून केलेली स्वस्त कल्हई हा आपल्याकडचा जुना मार्ग आहे. नवऱ्याचं आणि सासूबाईंचं रक्तही तपासलं. दोघांचं 6 च्या आत निघालं. एकाच घरातलं पाणी, एकाच चुलीवरचं जेवण, आणि वाढलेलं मात्र एकीचंच. म्हणजे शिसं घरातल्या हवेत किंवा पाण्यात नव्हतं. फक्त त्या एकट्याच घेत होत्या असं काहीतरी होतं.

बाईंना एकट्याला आत बोलावलं आणि या वेळी वेगळं विचारलं. ‘घरात कुणी तुम्हाला काही प्यायला, चाटायला, गिळायला देतं का?’

‘औषध नाही काही, मॅडम. नुसता झाडपाला आहे. सकाळ-संध्याकाळ मधातून.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीपासून.’

त्या लपवत नव्हत्या. मी औषधाबद्दल विचारलं होतं, आणि त्यांच्या लेखी झाडपाला म्हणजे औषध नव्हे. औषध म्हणजे ज्याला चिठ्ठी लागते, ज्याचे साइड इफेक्ट असतात. झाडपाल्याला काय होतंय!

डबा

पुढच्या भेटीला त्यांनी स्टीलचा डबा आणला, ओढणीत गुंडाळून. त्यात तीन गोष्टी होत्या.

एका कागदात शिवलिंगीच्या बिया. दुकानातून आणलेली अशोकारिष्टाची अर्धी बाटली. आणि वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत बांधलेल्या पुड्या, रबर लावून दहा-दहाच्या गड्ड्या केलेल्या. पुड्या देणारा माणूस आठवडी बाजाराच्या दिवशी एका लॉजच्या खोलीत बसायचा. सासूबाईंच्या बहिणीने त्याचं नाव सुचवलं होतं. पुडीवर कसलंही लेबल नव्हतं. तोंडी सांगितलेला पाठ, म्हणजे पुडीतल्या घटकांची यादी, सासूबाईंना आठवत होता : शतावरी, लोध्र, वावडिंग, सुंठ, ‘आणि थोडं नागाचं’.

मी एक पुडी पांढऱ्या कागदावर पसरली. तपकिरी, वनस्पतीचा वास असलेली भरड पूड आणि तिच्यात मिसळलेली काळपट राखाडी, फार बारीक धूळ. कागद कलता केला की भरड भाग घरंगळायचा आणि धूळ जागेवर चिकटून राहायची.

आमच्या गावाजवळच्या आयुर्वेद महाविद्यालयात रसशास्त्र, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याचं शास्त्र, शिकवणारे एक वैद्य माझ्या परिचयाचे आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी चिमूटभर पूड अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळली आणि बोट खिडकीकडे धरलं. बोटावरच्या रेषांमध्ये ती धूळ भरून बसली होती. ‘रेखापूर्ण आहे,’ ते म्हणाले. ‘झाडपाला असा रेषांत शिरत नाही. भस्म आहे हे. आणि नाग म्हणजे शिसं.’

रसशास्त्रात नाग म्हणजे शिसं आणि वंग म्हणजे कथील. हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी यात कोडं काहीच नाही. पण ज्या घराने मूल होत नाही म्हणून त्र्यंबकेश्वरला नागबळी केला, त्या घरात ‘नागाचं भस्म’ हा शब्द कसा ऐकला गेला असेल ते बघा. सासूबाईंना वाटलं, दोष नागाचा तर उतारही नागाचाच असणार. सगळं जुळत होतं. मी त्यांना शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा त्या कितीतरी वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रोज मी माझ्या हातानं दिलं हो.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. हातून शक्य ते सगळं त्यांनी सुनेसाठी केलं होतं.

पूड प्रयोगशाळेत पाठवली. वजनाच्या 1.6 टक्के शिसं निघालं. पुडीचं सरासरी वजन 480 मिलिग्रॅम, दिवसाला दोन. म्हणजे रोज सुमारे 15 मिलिग्रॅम शिसं पोटात जात होतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या आहारातून दिवसाला 8.8 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं जाऊ नये, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन धरतं. हा आकडा त्याच्या सतराशे पटींच्या वर जातो. यातलं सगळं काही रक्तात उतरत नाही, पण रिकाम्या पोटी जास्त उतरतं. आणि सकाळची पुडी अनशेपोटी घ्यायची असं सांगितलेलं होतं.

वैद्यांनी एक भेद मला समजावून दिला, तो इथे मांडायलाच हवा. आयुर्वेदात वनस्पतींची काष्ठौषधी वेगळी आणि धातू-खनिजांची रसौषधी वेगळी. फलघृतासारखं वंध्यत्वावरचं जुनं औषध म्हणजे वनस्पती, तूप आणि दूध. नागभस्म ही रसौषधी. ग्रंथांत तिला शोधन-मारणाच्या, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म करण्याच्या, पायऱ्या आणि गुंजेच्या हिशेबाने, म्हणजे 125 मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा आहे. गर्भपाल रस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाठात हिंगूळ (पाऱ्याचं खनिज), नागभस्म आणि वंगभस्म आहेत, आणि तो गरोदर बाईलाच देण्यासाठी सांगितलेला आहे. तो वापरावा की नाही यावर आमच्या दोघांत एकमत नाही. विधिपूर्वक केलेलं भस्म वेगळं असं ते म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे : ज्या बाईला दिवस राहायचे आहेत तिच्या पोटात शिसं कुठल्याही विधीने जाऊ नये. पण लॉजच्या खोलीतून भस्म ‘झाडपाला’ म्हणून खपवणं हा गुन्हा आहे, यावर आमचं पूर्ण एकमत आहे. अशा विषारी द्रव्यांची यादी औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई(1) मध्ये आहे. ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशी सूचना बंधनकारक आहे. इथे वेष्टन म्हणजे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा.

आणि ही घटना आमच्याच तालुक्यातली अपवादात्मक आहे असंही नाही. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने 2011-12 मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात 16 ते 64 मायक्रोग्रॅम शिसं शोधून काढलं. त्या शिशाचा उगम भारतात बनलेल्या दहा आयुर्वेदिक औषधांत होता, आणि एकात शिशाचं प्रमाण 2.4 टक्के होतं. ते सापडलं कारण तिथे गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत शिशाच्या संपर्काबद्दल विचारणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे तो प्रश्न केसपेपरवर छापलेलाच नसतो.

इतिहासातली एक गोष्ट या बाईंमुळे मला पुन्हा आठवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये शेफील्ड-बर्मिंगहॅमकडच्या कामगार बायका गर्भ पाडण्यासाठी शिशाच्या मलमपट्टीतला लेप गोळ्या करून गिळायच्या. आमच्या बाई तेच शिसं दिवस राहावेत म्हणून मधातून घेत होत्या.

आणि झाडपाल्याचं काय?

शिसं सापडलं म्हणून वनस्पती आपोआप निर्दोष ठरत नाहीत, आणि निरुपयोगीही ठरत नाहीत. हा भाग मी बाईंशी दोन भेटींमध्ये बोलले.

वनस्पती काम करते. 1994 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी एका बाईची नोंद छापली. तिची टेस्ट ट्यूब उपचारांची चौथी पाळी चालू होती, तीही अंडाशयाला उत्तेजन देणारी औषधं न देता. तिने आपल्या मनाने व्हायटेक्स ॲग्नस-कॅस्टस नावाची वनस्पती घेतली. ही आपल्या निर्गुंडीची बहीण. त्या एका पाळीत तिचे संप्रेरकांचे आकडे विस्कटले, एकाऐवजी अनेक बीजकोश वाढले आणि अंडाशय फाजील उत्तेजित झाल्यासारखी लक्षणं दिसली. वनस्पती थांबवल्यावरच्या दोन पाळ्या पुन्हा नेहमीसारख्या झाल्या. ‘नुसतं नैसर्गिक आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही केस सांगते. आपण लेट्रोझोल देत असताना दुसऱ्या बाजूने कुणी असं काही देत असेल, तर सोनोग्राफीत दिसतं ते नेमकं कशामुळे हे ठरवायचं कसं?

बाईंच्या पाठातली शतावरी मला फारशी खटकली नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. बीजनिर्मितीबद्दलचं बहुतेक काम उंदरांवर झालेलं आहे, त्यामुळे तिच्या भरवशावर वय घालवू नये एवढंच माझं म्हणणं.

खटकलं ते वावडिंग. तान्ह्या बाळाला जंतांसाठी वावडिंगाचं पाणी देणारं आपलं घर, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांचा पिप्पल्यादि योग आयुर्वेदात गर्भनिरोधक म्हणून सांगितलेला आहे, आणि आधुनिक काळात त्याच कामासाठी तो सरकारी संशोधनात तपासलाही गेला आहे. वावडिंगातल्या एम्बेलिन या द्रव्यामुळे उंदरांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम झालेला दिसला आहे. पुडीतल्या चिमूटभराने या बाईंचे दिवस थांबले असं मी म्हणणार नाही. पण मूल हवं असलेल्या बाईच्या पुडीत ते घालणाऱ्याला हा पाठ माहीत नव्हता, हे नक्की.

अशोकारिष्ट अंगावरून जास्त जात असेल तर दिलं जातं. यांची पाळी दोन-दोन महिने येतच नव्हती. शिवाय अशोकाच्या सालीत भेसळ चालते ती शाळेच्या आवारात उंच, सरळसोट वाढणाऱ्या झाडाची. त्याला आपण अशोकच म्हणतो, पण सीतेचा अशोक वेगळा.

शिवलिंगीबद्दल मात्र मी कडक बोलले. पिंडीसारखी दिसणारी ती बी, वासरू असलेल्या गाईच्या दुधातून गिळायची, म्हणजे मुलगा होतो, अशी समजूत. मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणी पुरुषबीजाने ठरलेलं असतं, नंतर कुठली बी ते फिरवू शकत नाही. हरियाणात मुलगा व्हावा म्हणून गरोदरपणात घेतलेल्या अशा औषधांचा अभ्यास झाला आहे. त्यात काही नमुन्यांत वनस्पतिज इस्ट्रोजेन सापडलं, आणि ती घेतलेल्या बायकांमध्ये जन्मजात व्यंग आणि मृतजन्म जास्त दिसले. ‘दिवस राहिल्यावर पहिल्या दोन महिन्यांत घ्यायच्या होत्या,’ बाई म्हणाल्या. बाळाचे अवयव घडतात ते नेमके त्याच आठवड्यांत.

पुढची दोन वर्षं

लेट्रोझोल बंद केलं. दिवस राहू नयेत म्हणून निरोध वापरायला सांगितलं. मुलासाठी साडेचार वर्षं वाट पाहिलेल्या जोडप्याला हे सांगणं फार जड गेलं. नवरा काही न बोलता उठून बाहेर गेला, दहा मिनिटांनी परत आला आणि म्हणाला, ‘किती दिवस, तेवढं सांगा.’

मोठ्या रुग्णालयातल्या विषबाधातज्ज्ञांच्या सल्ल्याने शिसं बांधून लघवीवाटे काढणाऱ्या कॅप्सूल दिल्या, 19 दिवसांचा एक असे दोन कोर्स. पहिल्या कोर्सनंतर 58 चं 24 झालं, आणि महिन्याभरात पुन्हा 35. हा धक्का बाईंना आधी सांगून ठेवला होता म्हणून त्या खचल्या नाहीत. शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं आणि रक्तातलं कमी झालं की तिथून झिरपत राहतं. रक्तातून निम्मं व्हायला महिनाभर लागतो, हाडांतून निघायला दशकं. दुसऱ्या कोर्सनंतर 19, मग सावकाश 12, आणि चौदाव्या महिन्यात 8. हिमोग्लोबिन तोवर 11.6 झालं होतं, लोहाची एकही गोळी न वाढवता. पोटातली कळ पहिल्या दोन महिन्यांतच गेली होती.

पुड्या देणाऱ्याबद्दल प्रयोगशाळेच्या अहवालासकट लेखी तक्रार केली. पुढच्या बाजाराला ती खोली रिकामी होती.

पुन्हा लेट्रोझोल. दुसऱ्याच पाळीत दिवस राहिले. गरोदरपणात बाळाचं हाड घडवायला आईच्या हाडातून कॅल्शियम सुटतं आणि त्याच्यासोबत शिसंही सुटतं, म्हणून कॅल्शियम पहिल्यापासून भरपूर दिलं आणि दर तिमाहीला रक्त तपासलं. 7, 7 आणि शेवटी 10. त्या शेवटच्या वाढीने मला दोन रात्री झोप नव्हती.

मुलगी झाली, 2.7 किलोची. नाळेच्या रक्तात शिसं 8. हा आकडा मला आवडलेला नाही आणि मी तो घरच्यांपासून लपवलेलाही नाही. अंगावर पाजायला हरकत नव्हती. मुलीचं रक्त बालरोगतज्ज्ञ ठरावीक अंतराने तपासताहेत. सहाव्या महिन्यात ते 4 आलं. ती पालथी पडते, आवाजाकडे मान वळवते. अजून काही वर्षं तिच्याकडे लक्ष ठेवावं लागणार आहे.

माझ्या केसपेपरवरची ती ओळ मी बदलून घेतली. ‘प्यायला, चाटायला, गिळायला : घरचे, बाहेरचे’ अशी छापली आहे आणि पुढे दोन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. त्या बहुतेकदा भरतात.

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर सासूबाई एकट्याच ओपीडीत आल्या. हातात तोच स्टीलचा डबा. टेबलावर ठेवला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, ‘बाळंतिणीला लाडू केलेत. अळीव, ओलं खोबरं, गूळ आणि जायफळ. देऊ ना?’